पाळणा आणि कायदा

घरात पाळणा कितीदा हलावा, हा प्रश्न नवराबायकोचा. पण वाचकहो, आपल्या विधिमंडळानेही त्यात हात घातला आहे. मी मराठी शिकवते, कायदा नव्हे. तरी र. धों. कर्व्यांविषयी वर्गात बोलताना ही हकिकत सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिकापायी खटले सोसले. १९३८ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे रोहम यांनी मुंबई विधानसभेत ठराव आणला, की संततिनियमनाची सोय सरकारने लोकांना करून द्यावी. सभागृहाने तो फेटाळला.

नंतर वारे असे फिरले, की आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी तीन मुले झालेल्यांवर नसबंदीची सक्ती करणारे विधेयक संमत केले! राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणूनच ते बारगळले.

अडतीस वर्षांत सरकार 'देणार नाही'वरून 'घ्यावेच लागेल'वर आले. बाईला काय हवे, हे विचारायचे मात्र राहूनच गेले. आजही तिसरे मूल झाले, की जिल्हा परिषदेतल्या किंवा पंचायत समितीतल्या सदस्य बाईचे पद जाते. ते मूल होऊ देणे न देणे तिच्या हाती होते काय, याची चौकशी कोणी करीत नाही. सासर नातवाची वाट पाहते, शिक्षा सुनेला होते.

साधन हाताशी असावे आणि निर्णय तिचा असावा, एवढे साधले तर सक्तीची गरजच काय?