पंचकोनी फरशीचे कोडे

जस्ताचा मुलामा दिलेली नवी बादली आपण सर्वांनी पाहिली आहे. उन्हात धरली की तिच्या अंगावर फुलाफुलांची नक्षी चमकते. ती नक्षी कोणी काढलेली नसते. ते जस्ताचे स्फटिक असतात. लोखंड, तांबे, पितळ यांचेही अंग असेच कणाकणांचे असते, पण ते कण बहुधा सूक्ष्मदर्शकावाचून दिसत नाहीत. धातू चिवट निघणार की ठिसूळ, हे पुष्कळ अंशी या आतल्या रचनेवर ठरते. तिच्या अभ्यासात आयुष्य वेचलेल्या एका प्राध्यापकाची हकिकत आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रथम थोडी पूर्वपीठिका पाहू. स्फटिकात अणूंची एकच मांडणी पुन्हा पुन्हा येत राहते, असे मानले जाई. आपल्या घरातील फरशीच घ्या. चौकोनी फरश्यांनी जमीन पुरती भरते. समभुज त्रिकोणांनी व षट्कोनांनीही भरते. परंतु सारख्या बाजूंचे व सारख्या कोनांचे पंचकोन लावू गेल्यास फटी राहतातच. म्हणून शास्त्राचा नियम असा की, स्फटिकाच्या आकृतीत दोन, तीन, चार किंवा सहा पटींची सममिती असेल. पाचाची वा दहाची कधीच नाही.

डॅन शेख्टमन यांचा जन्म १९४१ साली तेल अवीव येथे झाला. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला, निर्जन बेटावर सारे काही उभे करणारा अभियंता वाचून त्यांनी लहानपणीच अभियंता होण्याचे ठरवले. हायफाच्या टेक्निऑन या तंत्रविद्यापीठात ते यांत्रिकी अभियांत्रिकी शिकले, १९७२ साली डॉक्टर झाले आणि पुढे तेथेच प्राध्यापक झाले. रजा घेऊन ते अमेरिकेतील एका सरकारी प्रयोगशाळेत काम करीत असताना ८ एप्रिल १९८२ हा दिवस उगवला.

ॲल्युमिनियम व मँगेनीज यांचा वितळलेला रस क्षणार्धात गोठवून केलेली मिश्रधातू त्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली होती. इलेक्ट्रॉनांचा झोत स्फटिकातून गेला की पलीकडे ठिपक्यांची रांगोळी उमटते. त्या रांगोळीत मध्याभोवती, सारख्या अंतरावर, दहा ठिपके होते! शेख्टमन यांनी वहीत तशी नोंद केली आणि पुढे तीन प्रश्नचिन्हे काढली.

दोन स्फटिक जुळ्यासारखे चिकटले तर असा भास होऊ शकतो, हे त्यांना ठाऊक होते. त्याच दिवशी त्यांनी जुळ्यांचा शोध घेतला. ते सापडले नाहीत. तरी सहकाऱ्यांचा विश्वास बसेना. प्रमुखांनी त्यांना पाठ्यपुस्तक वाचायला दिले आणि पुढे गट सोडण्यास सांगितले. पहिला निबंध नाकारला गेला. अखेर नोव्हेंबर १९८४ मध्ये तीन सहकाऱ्यांसह लिहिलेला निबंध प्रसिद्ध झाला. दोनदा नोबेल मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांनी तर १९९४ साली मृत्यू येईपर्यंत हा शोध मानला नाही.

मग जुना नियम खोटा होता काय? नाही. मांडणी पुन्हा पुन्हा येत असेल तर पंचकोन बसत नाही, हे आजही खरे आहे. चूक होती ती ‘शिस्त म्हणजे पुनरावृत्ती’ या समजुतीत. इंग्लंडमधील गणिती रॉजर पेनरोज यांनी १९७० नंतरच्या दशकात दोनच प्रकारच्या फरश्यांनी जमीन भरून दाखवली होती. त्या मांडणीत एकही फट नाही, नियम काटेकोर आहेत, पाचाची सममिती दिसते. पण नक्षी ठरावीक अंतराने फिरून येत नाही. शेख्टमन यांच्या धातूतले अणू अशाच शिस्तीने बसले होते. अशा पदार्थांना क्वासीक्रिस्टल हे नाव मिळाले. १९९२ साली स्फटिकाची व्याख्याच बदलण्यात आली आणि २०११ साली शेख्टमन यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

शंका घेणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. शंका हा शास्त्राचा धर्मच आहे. पण एक गोष्ट विसरता येत नाही. शोध जाहीर झाल्यावर काही शास्त्रज्ञांनी आपले जुने खण उघडले, तेव्हा तशीच चित्रे त्यांच्यापाशीही निघाली. ‘जुळे स्फटिक’ म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली होती. ठिपके त्यांनाही दिसले होते. प्रश्नचिन्ह मात्र काढायचे राहून गेले होते.