अंधुक झालेला तांबडा ठिपका

बंदुकीच्या नळीच्या टोकावरची ‘माशी’ आणि डोळ्याजवळची खाच लक्ष्याशी एका रेषेत आणून नेम धरावयाचा, ही रीत कित्येक पिढ्या चालत आली. गेल्या तीसेक वर्षांत तिच्या जोडीस होलोग्राफिक साईट नावाचे एक उपकरण आले. त्याच्या लहानशा काचेच्या खिडकीतून पाहिले की समोरच्या दृश्यावरच एक तांबडे वर्तुळ आणि मध्यभागी एक ठिपका तरंगताना दिसतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावसारख्या गावी सैन्याशी नाते असलेली घरे पुष्कळ आहेत. त्यांनाच नव्हे, तर यंत्रांचे कुतूहल असलेल्या कोणासही हा ठिपका अंधुक का होतो हे जाणून घेणे रुचेल, असे आम्हांस वाटते.

या उपकरणाचे मूळ युद्धभूमीवर नसून प्रयोगशाळेत आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्याच्या खटपटीत असताना डेनिस गॅबर यांना १९४७ मध्ये इंग्लंडात होलोग्राफीची कल्पना सुचली. तिला योग्य असा प्रकाश १९६० मध्ये लेसरच्या रूपाने मिळाला आणि पुढे मिशिगन विद्यापीठातील एमेट लीथ व ज्युरिस उपात्निएक्स यांनी तिला प्रत्यक्ष रूप दिले. गॅबर यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक लाभले. त्याच मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथील ईओटेक या कंपनीने हे तत्त्व बंदुकीवर आणले.

साईटच्या पोटात एक लहान लेसर असतो. त्याचा किरण आरशावरून फिरून काचेत बंद केलेल्या होलोग्रामवर पडतो आणि तेथे नोंदलेली आकृती जणू दूर लक्ष्यापाशी असल्यासारखी डोळ्यास दिसते. लेसरला वीज बरीच लागते. साध्या तांबड्या ठिपक्याच्या साईटमधील दिवा एका सेलवर हजारो तास जळतो. येथे मात्र हिशेब शेकड्यांत किंवा हजार-दोन हजार तासांत करावा लागतो.

म्हणूनच ठिपका फिका दिसू लागला की आधी साध्या कारणांकडे पाहावे. प्रथम शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी. त्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये. मग उजेडाची पायरी पाहावी. अशा साईटला वीसएक पायऱ्या असतात आणि काही नमुन्यांत रात्रीच्या दुर्बिणीसाठी वेगळी, अतिमंद प्रकाशाची सोय असते. तिचे बटण चुकून दाबले गेल्यास दिवसा काहीच दिसत नाही आणि निर्दोष यंत्र बिघडले असे वाटते. त्यानंतर सेल बदलावा. जुन्या सेलसोबत नवा घालू नये. सेल जेथे टेकतो तेथील पत्रा गंजला वा सैल झाला नाही ना, हेही पाहावे, कारण गोळी झाडताना बसणाऱ्या धक्क्याने हा सांधा ढिला होतो. काच मऊ फडक्याने पुसावी. डोळ्यांवरचा रंगीत चष्मा उतरवून पाहावे. तांबडा प्रकाश अडविणारी काच ठिपकाही अडविते. शेवटी संध्याकाळच्या उजेडात, काळसर भिंतीकडे तोंड करून, पूर्ण तेजावर पाहावे. भर उन्हात पांढऱ्या भिंतीवर चांगला ठिपकाही दुबळा भासतो.

एवढे करूनही तो फिकाच राहिला, तर दोष आत आहे. साईटचे आवरण हवाबंद असते. त्याची जोड उसवली की ओल आत शिरते, आणि होलोग्रामच्या नाजूक थराशी ओलीचे वैर आहे. येथे घरगुती कारागिरी चालत नाही. पेचकस लावला की उरलीसुरली जोडही जाते. उपकरण निर्मात्याकडे धाडणे हाच मार्ग.

परंतु निर्मात्यानेच दोष झाकला तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. उणे ४० पासून १४० अंश फॅरनहाइटपर्यंत आणि दमट हवेतही आपल्या साईट नीट चालतात, अशी ग्वाही ईओटेकने अमेरिकन सरकारला दिली होती. प्रत्यक्षात थंडी-उष्ण्याने नेम सरकत असे व ओलही आत शिरत असे. कंपनीला हे अनेक वर्षे ठाऊक असल्याचा सरकारचा आरोप होता. मार्च २०१५ मध्ये एफबीआयने स्वतंत्रपणे तपासणी करून नेम सरकण्याचा दोष कंपनीपुढे ठेवला, तेव्हा कोठे तो उघड झाला. नोव्हेंबर २०१५ मध्ये मूळ कंपनी एल-थ्री हिने २ कोटी ५६ लक्ष डॉलर देऊन दावा मिटविला. २०२० मध्ये ईओटेक दुसऱ्या मालकाकडे गेली.

या दोन दोषांतला भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. अंधुक ठिपका निदान आपला आजार स्वतः सांगतो. शिपाई सावध होतो, सेल बदलतो, नाहीतर जुन्या माशीचा आधार घेतो. तेजस्वी पण सरकलेला ठिपका मात्र काहीच सांगत नाही. तो ज्याला ठाऊक आहे त्यानेच सांगावयाचा असतो. कडाक्याच्या थंडीत पहाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला कारखान्याचे तपासणीचे कागद पाहता येत नाहीत. काचेत जे दिसते तेवढ्यावर त्याने स्वतःचा आणि सोबत्यांचा जीव टाकलेला असतो. त्याच्या हाती उपकरण देणाऱ्यावर ते कागद खरे ठेवण्याचे ऋण आहे.