डोळ्यापासून दिव्याकडे

संगणकावर केलेल्या कार्टून सिनेमात चकचकीत गोळ्यात अख्खी खोली दिसते ना, ती कुणी हातानं रंगवत नाही बरं का! ते सगळं गणित.

१९७९ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये टर्नर व्हिटेड यांनी त्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. युक्ती गमतीची. दिव्यातून निघालेले बहुतेक किरण आपल्या डोळ्यापर्यंत पोचतच नाहीत, मग ते मोजायचे कशाला? डोळ्यापासून उलटं निघायचं. किरण गोळ्यावर आपटून परतला की काचेतून वाकून आत गेला, ते बघायचं. दिव्याच्या वाटेत काही आडवं आलं, की सावली. आणि किरण गोळ्याला नेमका कुठे लागतो, हे सांगतं आपलं दहावीचं वर्गसमीकरण! ‘याचा उपयोग काय?’ म्हणणाऱ्या लेकीला जरूर सांगा.

काम मात्र चिकाटीचं. चौकटींच्या फरशीवर तरंगणाऱ्या दोन गोळ्यांच्या एका चित्राला तेव्हाच्या संगणकानं ७४ मिनिटं घेतली. सिनेमाच्या एका सेकंदाला अशी २४ चित्रं, म्हणजे जवळजवळ ३० तास! तरीही ‘द कम्प्लीट अँगलर’ ही छोटी फिल्म झालीच. आज घरातला साधा संगणक तसं चित्र क्षणात काढतो. प्रोग्रॅमही थोड्या पानांचा, कॉलेजातली मुलगी सुट्टीत लिहू शकेल असा. पहिलं चित्र काळंकुट्ट आलं तर घाबरू नये, कुठेतरी वजाचं चिन्ह राहिलेलं असतं.