लोकसंख्या जेमतेम दहा-अकरा हजार, तरी मुरगूड 'शहर' कसं काय?

निपाणीहून राधानगरीकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर मुरगूड लागतं. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग आणि एकदम बाजारपेठ सुरू होते. पुढे मुदाळतिट्टा, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट आणि मग थेट कोकण.

मुरगूड कागल तालुक्यात आहे, पण ते तालुक्याचं ठिकाण नाही. लोकसंख्या दहा-अकरा हजारांच्या घरात. महाराष्ट्रात याच्यापेक्षा मोठी कितीतरी गावं आजही ग्रामपंचायतीवर चालतात. मुरगूडला मात्र नगरपरिषद आहे, नगराध्यक्ष आहे, मुख्याधिकारी आहे. कागदोपत्री ते 'शहर' आहे.

आता प्रश्न पडतो, एवढ्या छोट्या ठिकाणाला शहर म्हणायचं कशाच्या जोरावर? आणि म्हटलं तरी तिथल्या माणसाच्या आयुष्यात नेमका काय फरक पडतो?

आधी नियम काय सांगतो ते बघू

आपल्याकडे 'शहर' दोन प्रकारे ठरतं. पहिला प्रकार जनगणनेचा. लोकसंख्या किमान ५ हजार, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात आणि एका चौरस किलोमीटरमध्ये किमान ४०० माणसं. या तीन अटी बसल्या की जनगणनेत त्या गावाची नोंद शहर म्हणून होते, भले तिथे ग्रामपंचायत असली तरी.

दुसरा प्रकार कायद्याचा. जिथे महापालिका, नगरपरिषद किंवा नगरपंचायत आहे ते शहर. महाराष्ट्रात नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या कायद्यावर चालतो. आज नव्याने नगरपरिषद हवी असेल तर साधारण २५ हजार लोकसंख्या लागते. पण जुन्या पालिका लोकसंख्या कमी असली तरी टिकून आहेत. मुरगूड त्यातलंच एक. कोल्हापूर जिल्ह्यातच पन्हाळा आणि मलकापूर या पालिका तर मुरगूडपेक्षाही लहान आहेत. ४० हजारांपर्यंतच्या अशा सगळ्या पालिका 'क' वर्गात मोडतात.

मग फरक कुठे पडतो?

बघायला गेलं तर मुरगूडच्या बऱ्याच घरांचा दिवस शेजारच्या खेड्यासारखाच सुरू होतो. पहाटे धार काढायची, दूध डेअरीला घालायचं आणि दहा दिवसांनी येणाऱ्या बिलाची वाट बघायची. शेतात ऊस. बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा आणि हमीदवाड्याचा सदाशिवराव मंडलिक असे साखर कारखाने जवळच. हंगाम सुरू झाला की ऊसतोड टोळ्या, ट्रॅक्टर आणि 'आमच्या उसाला तोड कधी मिळणार' हाच गावभर विषय.

पण कागदावर गोष्टी बदलतात. खेड्यातला माणूस दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत जातो, मुरगूडचा माणूस नगरपरिषदेत. घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकाम परवाना, कचरा, दिवाबत्ती, जन्म-मृत्यूची नोंद सगळं तिथेच. घरकुलाची योजनाही वेगळी. पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण भागासाठी केंद्र-राज्याचं मिळून मूळ अनुदान १ लाख २० हजार, तर शहरी भागात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला अडीच लाख.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुकीत मुरगूड शहरातला मतदार मत देत नाही, कारण पालिकेची हद्द त्या मतदारसंघांच्या बाहेर असते. शेजारच्या यमग्यात झेडपीचा प्रचार जोरात असतो, तेव्हा मुरगूडकर नुसता बघ्या असतो.

शाहू महाराजांच्या भावाचं नाव आणि गावाचं पाणी

मुरगूडचा इतिहास समजून घ्यायचा तर कागलच्या घाटगे घराण्याकडे जावं लागतं. हा भाग कागलच्या जहागिरीत होता. याच घराण्यात १८७४ साली यशवंतराव जन्मले. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि पुढे राजर्षी शाहू महाराज झाले. त्यांचे धाकटे भाऊ पिराजीराव ऊर्फ बापूसाहेब यांच्याकडे कागलची जहागीर आली.

त्याच पिराजीरावांच्या नावाचा 'सर पिराजीराव तलाव' मुरगूडला आहे. मुरगूडसह यमगे, शिंदेवाडी या गावांची तहान हा तलाव भागवत आलाय. त्यामुळे पावसाळ्यात तलाव सांडव्यावरून वाहायला लागला की ती इथली मोठी बातमी असते. सोशल मीडियावर व्हिडिओ फिरतात, लोक बघायला जातात, कारण वर्षभराच्या पाण्याची चिंता मिटलेली असते.

दुसरीकडे वेदगंगा. भुदरगड तालुक्यातून येणाऱ्या या नदीवर वर पाटगावला धरण आहे. तिच्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि उसावर बाजारपेठ. पण धो-धो पाऊस झाला की हीच नदी पात्राबाहेर येते, रस्त्यावर पाणी चढतं आणि निपाणीकडची वाहतूक अडकते.

१३ डिसेंबर १९४२

चले जाव आंदोलन पेटलेलं असताना या दिवशी क्रांतिकारकांनी गारगोटीच्या सरकारी कचेरीवर धडक मारली. गोळीबार झाला आणि सात जण हुतात्मा झाले. त्यातले तुकाराम भारमल हे मुरगूडचे. आजही मुरगूडमध्ये 'हुतात्मा तुकाराम चौक' म्हटलं की कुणाला पत्ता सांगावा लागत नाही.

पुढे १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली आणि मुरगूड मुंबई राज्यातच राहिलं. राज्याची सीमा मध्ये आली, पण सोयरीक आणि बाजारहाट काही थांबला नाही.

तालुका कागल, पण काम मुरगूडला

कागल पुणे-बंगळुरू महामार्गावर. तहसील तिथे, एमआयडीसी त्या बाजूला. पण तालुक्याच्या दक्षिणेकडच्या गावांना कागल लांब पडतं. बी-बियाणं, कापड, लग्नाचा बस्ता, मोटारीचं वायंडिंग, दवाखाना, सगळ्याला मुरगूड जवळ. इथे ग्रामीण रुग्णालय आहे, स्वतंत्र पोलीस ठाणं आहे, हायस्कूलं आणि सदाशिवराव मंडलिक महाविद्यालय आहे. म्हणजे राहणारे दहा-अकरा हजार असले तरी या शहरावर अवलंबून असलेली माणसं त्याच्या कितीतरी पट आहेत.

आणि कुस्ती विसरून चालणार नाही. मुरगूडच्या मंडलिक कुस्ती संकुलात मुली घडतात. नंदिनी साळोखे, स्वाती शिंदे या राष्ट्रीय पातळीवर गाजलेल्या पैलवान इथल्याच मॅटवर तयार झाल्या.

५५० माणसांमागे एक नगरसेवक

कागल तालुक्याला राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात. इथे पक्षापेक्षा गट मोठा. माणूस आधी मंडलिक गटाचा, मुश्रीफ गटाचा किंवा घाटगे गटाचा, पक्ष नंतर. कोल्हापूरचे चार वेळा खासदार राहिलेले सदाशिवराव मंडलिक यांच्या राजकारणाचं केंद्र मुरगूडच होतं. २००९ ला त्यांनी अपक्ष उभं राहून लोकसभा मारली, त्यामागे हीच गटाची ताकद होती.

आता जरा गणित बघा. 'क' वर्ग पालिकेत किमान २० नगरसेवक असतात. म्हणजे मुरगूडमध्ये साधारण ५५० माणसांमागे एक. मुंबईत २०११ ची लोकसंख्या धरली तर हाच आकडा ५५ हजारांच्या आसपास जातो. मुंबईकराला आपला नगरसेवक बॅनरवर दिसतो, मुरगूडकराला तो चहाच्या गाड्यावर सापडतो. गटार तुंबलं, नळाला पाणी आलं नाही, दिवा बंद पडला की सकाळी सकाळी त्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं. छोट्या पालिकेचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

म्हणूनच मधली काही वर्षं अशा शहरांना जास्त जड गेली. २०१६ मध्ये निवडून आलेल्या मंडळींची मुदत संपली, पण ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला आणि राज्यभरातल्या पालिकांवर प्रशासक आले. जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा कुठे चक्रं फिरली. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका लागल्या, त्यात मुरगूडही होतं.

प्रशासकाच्या काळात दाखले मिळत होते, कचरा उचलला जात होता. पण ज्याच्या दारात जाऊन हक्काने भांडता येईल असा माणूस नव्हता.

निवडणूक झाली म्हणून प्रश्न संपत नाहीत. 'क' वर्ग पालिकेचं स्वतःचं उत्पन्न घरपट्टी-पाणीपट्टीएवढंच, मोठ्या कामाला सरकारी निधीच लागतो. बाजारपेठ आसपासच्या गावांचा भार उचलते, पण कर भरणारे फक्त शहरातले. आणि शिकलेली पोरं नोकरीसाठी कागल, गोकुळ शिरगाव नाहीतर थेट पुणे गाठतात. मुरगूडला शहराचा दर्जा तर कधीचाच मिळालाय. पोरांना इथेच थांबावंसं वाटेल असं काम गावात उभं राहणार का, हे आता तिथे नव्याने बसलेल्या कारभाऱ्यांना विचारायला हवं. विचारणं अवघडही नाही, घर गल्लीतच आहे.