रुईवरचा वाघ

‘वाघ बघायला चाललेय’ असं सांगून मी बॉसकडून शुक्रवारची सुट्टी मंजूर करून घेतली. ताडोबा की कान्हा, जिप्सीचं बुकिंग झालं का, असे प्रश्न अख्ख्या फ्लोअरवरून आले. ‘कळसाडी’ म्हटल्यावर मात्र सगळे गप्प! नंदुरबार जिल्ह्यातलं हे माझ्या रूममेटचं गाव. इथला वाघ तळहातावर मावतो आणि त्याला बघायला ना जिप्सी लागते ना परमिट. बांधावर रुईचं झुडूप असलं की झालं.

प्लेन टायगर हे त्याचं नाव. नारिंगी पंख, काळी किनार, टोकाशी पांढरे ठिपके. मेक्सिकोतल्या झाडांवर लाखोंनी लगडलेली मोनार्क फुलपाखरं टीव्हीवर तुम्ही पाहिली असतीलच. हा त्यांचा आपल्याकडचा चुलतभाऊ. दोघांचं कुळ एकच, डेनॉस. ग्रीक पुराणातल्या ज्या राजावरून हे नाव आलं त्याला म्हणे ५० मुली होत्या! आणि आपला वाघ काही कालचा पोरगा नाही. इजिप्तमधल्या नेबामूनच्या थडग्यातलं सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीचं एक भित्तिचित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्यात हा उडताना दिसतो.

सकाळी उन्हं वर आली तेव्हा मी बांधावर उकिडवी बसून रुईची पानं उलटत होते. ‘काय देखी राह्यनी बेटा?’ रूममेटचे वडील, म्हणजे काका, पाठीमागे उभे. खांद्यावर फवारणीचा पंप. मी पानामागचा मोहरीएवढा पांढुरका मणी दाखवला. ‘हे अंडं, काका.’

मादी एका ठिकाणी एकच अंडं घालते, तेही बहुधा पानाच्या खालच्या बाजूला. ३ ते ५ दिवसांत अळी बाहेर येते आणि पहिला नाश्ता स्वतःच्याच अंड्याच्या कवचाचा करते. मग रुईची पानं, नुसती पानं. काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके आणि अंगावर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. (मोनार्कच्या अळीला दोनच.) साधारण दोन आठवड्यांत चार वेळा कात टाकून ती करंगळीएवढी होते. रुईचं पान तोडलं की पांढरा चीक भळाभळा येतो, तुम्हाला माहीतच आहे. छोट्या अळीचं तोंड त्यात चिकटून बसायचं. म्हणून ही बाई आधी पानाची शीर कुरतडते, चिकाचा पुरवठा बंद करते आणि मग निवांत जेवते. घरचा नळ दुरुस्त करण्याआधी कॉक बंद करावा, तसं! त्यानंतर एखाद्या पानाखाली उलटं टांगून घेऊन हिरवा किंवा गुलाबीसर कोष. कोषावर सोनेरी टिकल्या. दहाएक दिवसांनी त्यातून नवा वाघ.

शेळ्यासुद्धा ज्या झाडाला तोंड लावत नाहीत ते खाऊन ही अळी जगते कशी? रुईत हृदयावर परिणाम करणारी विषं असतात. अळी ती पचवते, अंगात साठवते आणि पुढे फुलपाखरालाही देऊन टाकते. अमेरिकेत लिंकन ब्राउअर या शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात ब्लू जे पक्ष्यांना मोनार्क खायला घातले. पक्ष्यांना उलट्या झाल्या, आणि पुढे नारिंगी पंख दिसले तरी ते चोच लावेनात. म्हणून आपला प्लेन टायगरही घाई न करता, पंख मिरवत उडतो. धरलाच कोणी तर मेल्याचं सोंग घेतो. कातडं चिवट, त्यामुळे सुटला की पुन्हा भुर्र. या दराऱ्याचा फायदा उठवणारे डुप्लिकेटही आहेत. डॅनेड एगफ्लायच्या मादीला स्वतःचं विष नाही, पण वेश मात्र हुबेहूब प्लेन टायगरचा. तिचा नर काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. शेजारी बसले तर जोडपं वाटणार नाही.

आणि डिओड्रंटच्या जाहिराती बघून हसणाऱ्यांनो, इथला नर खुळखुळ्यासारख्या झाडांतून रसायनं चोखतो आणि त्यातून मादीला पटवायचा गंध बनवतो. तो नसेल तर लग्न जमणं अवघड!

काकांना या सगळ्यात गंमत वाटली, पण पंप काही खांद्यावरून उतरला नाही. कापसाच्या बांधावरचं तण काढायला बायांची मजुरी परवडत नाही, तणनाशकाचं एका सकाळीत काम होतं, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्या हिशेबात मला खोट काढता येईना. मोनार्कची गोष्ट इथेच बिघडली. हिवाळ्याआधी कॅनडा-अमेरिकेतून मेक्सिकोच्या डोंगरांत ४,००० किलोमीटरपर्यंत उडत जाणारी ही फुलपाखरं नेमकी कुठे मुक्काम करतात, हे बाहेरच्या जगाला १९७५ साली कळलं. पण त्यांच्या अळ्या वाढतात रुईच्याच घराण्यातल्या मिल्कवीडवर. तणनाशकाला दाद न देणारं मका-सोयाबीन आलं, फवारे सुरू झाले आणि शेतातलं मिल्कवीड गेलं. मेक्सिकोत जंगलतोड होतीच. १९९६-९७च्या हिवाळ्यात १८ हेक्टरवर पसरलेला मुक्काम २०१३-१४ मध्ये ०.६७ हेक्टरवर आला.

हे आकडे मी काकांना सांगितले. ते म्हणाले, ‘मारुतीच्या पाराजवळची पाच झुडपं मी कधीच मारत नाही.’ शनिवारच्या माळेला पानं लागतात ना! बाकीच्या बांधावर त्यांनी फवारणी केली. त्या पाच झुडपांवर मी दुपारपर्यंत ११ अळ्या मोजल्या. माळेची पानं खुडताना उलटून बघा, एवढंच मी काकूंना सांगून ठेवलं. ‘अळी असलेलं पान कोण देवाला वाहील?’ म्हणाल्या.

मुंबई-पुण्यात रुई शोधायला लांब जावं लागत नाही. रेल्वेरुळांच्या कडेला, पडक्या कंपाउंडलगत, पार्किंगच्या कोपऱ्यात ती उगवतेच. पावसाळा सरल्यावरचे दोन-तीन महिने बघायला उत्तम. बाल्कनीत कुंडी ठेवायची तर नर्सरीत ‘हळदीकुंकू’ मिळतं, लाल-पिवळ्या फुलांचं. मूळचं अमेरिकेचं, मोनार्कच्याच आवडीचं. आपला वाघही त्यावर अंडी घालतो. पानं कुरतडलेली दिसली म्हणून सोसायटीच्या माळ्याला फवारायला सांगू नका. आणि चीक लागलेला हात डोळ्याला अजिबात लावू नका.