राजाचा गुरुबंधू

कुंभकोणमपासून चाळीसेक किलोमीटरवर तंजावर. या मुलखातल्या चर्चमध्ये वेदनायगम शास्त्रियार (१७७४-१८६४) यांची तमिळ कीर्तने आजही हौसेने गायिली जातात. पण त्यांचा एक मोठा चाहता ख्रिस्ती नव्हता. तो होता चक्क मराठी राजा, दुसरे सरफोजी भोसले!

दोघेही जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांचे शिष्य. पुढे एक १७९८ मध्ये गादीवर बसला, दुसरा मिशनमध्ये शिकवू लागला. गंमत पाहा, कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणाऱ्या भटक्या बाईचे गीतनाट्य. शास्त्रियारांनी तमिळमध्ये ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली, तर राजांनी मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’. राजांच्या नाटकातली बाई तर भविष्य राहू देते आणि साऱ्या जगाचा भूगोल सांगते! श्वार्ट्झ गुरुजींच्या शाळेची आठवण व्हावी, असेच हे.

१८२९ च्या सुमारास नव्या मिशनऱ्यांशी शास्त्रियारांचे बिनसले. उपासनेतले बदल त्यांना रुचेनात. चर्चमधल्या जातिभेदाबाबत त्यांनी घेतलेली बाजू मात्र आज आपल्याला पटणार नाही. पंचावन्नाव्या वर्षी मिशनचे काम सुटले. तेव्हा सरफोजींनी या जुन्या सोबत्याला दरबारी कवी म्हणून जवळ केले. हा दुसरा सहवास जेमतेम ३ वर्षांचा ठरला. १८३२ साली राजे वारले. शास्त्रियार त्यांच्यामागे ३२ वर्षे जगले.