बंदिशींचे जतन : वही, तबकडी आणि आलेख

दरबारी कानड्यातला कोमल गंधार नेमका कुठे लागतो, असे एखाद्या मुरलेल्या गवयाला विचारले, तर तो बहुधा उत्तर न देता गाऊनच दाखवील. हा गंधार एका जागी स्थिर नसतोच. तो ऋषभाकडे झुकत संथ आंदोलने घेत राहतो. स्वरलिपीत मात्र त्याच्या वाट्याला 'ग' खाली एक आडवी रेघ येते. ती रेघ आणि तो गळा यांच्यातले अंतर मोजणे, हेच संगीतशास्त्राच्या अभ्यासकांचे मुख्य काम झाले आहे.

या कामाचा पाया पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) यांनी घातला. व्यवसायाने वकील असलेल्या या मुंबईकराने जयपूर, रामपूर अशा ठिकाणच्या घराणेदार गायकांकडून बंदिशी मिळवल्या, त्या स्वरलिपीत बांधल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या. चिजा जिवापाड लपवून ठेवण्याच्या त्या काळात हे धाडसच होते. पण एकच बंदिश वेगवेगळ्या घराण्यांत वेगळ्या शब्दांनी, वेगळ्या वळणाने गायली जाते. छापताना त्यातला एक पाठ निवडावा लागतो. पुढे संगीत विद्यालयांतून तोच शिकवला गेला आणि प्रमाण ठरला. जुन्या पोथ्यांचे पाठभेद जसे शोधतात, तसे बंदिशींचे पाठभेद आज शोधावे लागतात ते यामुळे. त्यांच्या दहा थाटांवरही आक्षेप आहेत. मधुवंतीसारखा राग त्यांपैकी एकाही थाटात नीट बसत नाही. आक्षेप रास्त आहे. मात्र आक्षेप घेण्याजोगी पद्धत आधी कोणीतरी मांडावी लागते, हेही खरे.

तबकडीने दुसरा पुरावा दिला. १९०२ मध्ये कोलकात्यात गोहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले. तासभर रंगणारा ख्याल तीन मिनिटांत आवरायचा असल्याने विलंबित आलापी जवळजवळ वगळली जाई. शिवाय सुरुवातीच्या तबकड्यांचा वेग एकसारखा नव्हता. मिनिटाला ७० फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजवली, तर काळी एकमध्ये गायलेले जवळजवळ काळी दोनमध्ये ऐकू येते. लयही वाढते. म्हणूनच 'जुने गवई फार उंच आणि द्रुत गात' असा निष्कर्ष काढण्यापूर्वी अभ्यासकाला तबकडीचा मूळ वेग ठरवावा लागतो.

स्वर मोजण्याचे प्रयत्नही जुनेच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींचे गणित प्रसिद्ध केले. पुढे १९६३ मध्ये जयराजभॉय आणि स्टोन यांनी प्रत्यक्ष गायन-वादन यंत्राने तपासले, तेव्हा स्वरांची स्थाने कलावंतागणिकच नव्हे, तर एकाच मैफलीतही बदलतात असे दिसले. गणित आणि गळा यांचे जमले नाही. नंतर मुंबईच्या 'एनसीपीए'त सुवर्णलता राव आणि विम व्हॅन डर मीर यांनी संगणकाच्या साह्याने गायनाचे आलेख काढले. वेळ आडवी, स्वराची उंची उभी. मींड आणि आंदोलन रेषेत दिसते. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच. फरक आहे तो कोणत्या स्वरावर थांबायचे आणि तिथे कसे पोचायचे यात. नुसती सरगम लिहून तो पूर्णपणे हाती लागत नाही, आलेखात बराचसा लागतो.

खरी निकड मात्र घरोघरच्या टेपांची आहे. खासगी बैठकांच्या या ध्वनिफितींत तबकडीत न मावलेला, तासभराचा ख्याल आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत फितीवर बुरशी चढते, तिचा लेप सुटू लागतो आणि ती वाजवणारी यंत्रेही दुर्मीळ होत आहेत. १९८२ पासून कार्यरत असलेल्या आणि आता गुरुग्राममध्ये असलेल्या मानववंश-संगीतशास्त्र अभिलेखागारासारख्या संस्था असे संग्रह जतन करतात. संगणकावर उतरवल्यानंतरही मूळ फीत आणि तिचे खोके सांभाळावे लागते. बैठकीची तारीख, जागा, साथीला कोण होते, हे पुष्कळदा त्या खोक्यावरच पेन्सिलीने लिहिलेले असते आणि दुसरीकडे कुठेही नोंदलेले नसते.